कुठं आहे आणि काय आहे

दारणा गोदावरीला मिळते त्या संगमाजवळ, सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट नावाच्या पाद्र्यांनी ती नाणी तपासली आणि मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. १३,२५० च्या वर नाणी. सगळी एकाच राजाची, क्षहरात वंशातल्या नहपानाची. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर मात्र दुसऱ्याच राजाचा ठसा वरून मारलेला होता. तो राजा सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी.

एक नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत नहपानाचं नाव. राजाच्या चेहऱ्यावर सातवाहनांनी तीन कमानींचा डोंगर उठवला आणि उलट्या बाजूवर चार गोलांचं उज्जैन चिन्ह मारलं. नाणं वितळवून नवं पाडायच्या भानगडीत ते पडले नाहीत. जुन्याच चांदीवर नवं राज्य लिहून टाकलं.

नाशिकची पांडवलेणी चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलं की गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा, लेख दिसतो. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं तिने त्यात कोरवून घेतलं आहे. त्याच लेण्यात खुद्द गौतमीपुत्राचा हुकूम आहे. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो की आजवर ऋषभदत्ताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत आता भिक्षूंना दिलं आहे. हा ऋषभदत्त नहपानाचा जावई. त्याचा स्वतःचा लेख दहाव्या लेण्यात आहे. त्यात त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. म्हणजे दगडावर दोन्ही घराणी बोलत होती, पण ती एकमेकांसमोर उभी होती की मध्ये काही पिढ्या गेल्या होत्या, यावर विद्वानांत वाद होता. जोगलटेंभीच्या चांदीने त्या वादाला वजनदार उत्तर दिलं. नहपानाच्या नाण्यावर थेट गौतमीपुत्राचा ठसा, मधल्या कुठल्याच राजाचं नाणं साठ्यात नाही. एकाने हरवलं, दुसरा हरला, आणि बाजारात फिरणारा पैसा तोच राहिला.

हे सगळं मी एका वेगळ्याच वाटेने शिकलो. पोलीस खात्यात बॉम्बशोधक व नाशक पथकात माझी बरीच नोकरी गेली. जमिनीतला धातू हुडकणं हे आमचं रोजचं काम. आमच्या बोलण्यात त्या यंत्राला डीएसएमडी म्हणतात, म्हणजे डीप सर्च मेटल डिटेक्टर. हातात धरून माणसाची झडती घ्यायचं ते एचएचएमडी आणि दाराच्या चौकटीसारखं असतं ते डीएफएमडी. नाशिकच्या २००३ च्या आणि २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तपोवनातलं साधुग्राम, रामकुंडाकडचे रस्ते, घाट असं सगळं आम्ही घातपातविरोधी तपासणीत पायाखाली घातलं. या नोकरीत एक गोष्ट हाडात मुरली. यंत्र सांगतं ते ‘कुठं’. ‘काय’ हे माणसाने सांगायचं असतं, आणि ते सांगायची विद्या यंत्रापेक्षा फार जुनी आहे. नाशिकला ती विद्या भरपूर होती. तिचा थोडा भाग अजूनही आहे.

आधी ‘कुठं’चं सांगतो. आमच्या निफाडकडच्या गावांत म्हातारी माणसं पायाळूच्या गोष्टी सांगत. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला माणूस तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, अशी समजूत. धनावर नाग बसलेला असतो, धन मालकाचा आवाज ओळखतो, आणि चुकीच्या माणसाने खणलं तर धन सरकतं. ही शेवटची समजूत मला सगळ्यांत विचार करायला लावते. कारण यंत्र हातात घेतलेल्या माणसाला हा अनुभव येतोच. इशारा आला तिथं खणलं आणि खड्ड्यात काहीच नाही. बरेचदा वस्तू हातभर बाजूला असते, कारण नेमकी जागा धरलेली नसते. कधी असंही होतं की लोखंड वर्षानुवर्षं गंजून आसपासच्या मातीत उतरलेलं असतं. माती हलवली की तो पसारा मोडतो आणि आधी जोरात आलेला आवाज मंदावतो. पूर्वीच्या माणसांकडे यंत्र नव्हतं. पण खुणेचं झाड, जोत्याचा दगड, आजोबांनी मरताना सांगितलेली पावलं यांवरून खणणाऱ्यांचंही हेच होत असणार. हातभर चुकलं की धन सरकलं.

या समजुतींची दुसरी बाजू भीषण आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या आणि अपत्याच्या आशेपायी लहान मुलींचे आणि बायकांचे खून झाले. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्यं वेगळी नोंदवावी लागली. पोलिसात असताना अशा तक्रारी आल्या की अंगावर काटा यायचा. जमिनीत काय आहे हे माहीत नसणं आणि ते हवं असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस कुठल्या थराला जातो, ते त्या फायलींत दिसतं.

झारेकऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. अंजन नाही, मंत्र नाही, निव्वळ कष्ट आणि नजर. सराफ बाजारात सोनाराच्या पेढीसमोरची धूळ, भट्टीतली राख, मोरीतला गाळ गोळा करायचा आणि पाण्यात धुवायचा, हा झारेकऱ्याचा धंदा. परातीत पाणी घालून ती अशी फिरवायची की हलकी माती काठावरून निघून जावी आणि जड कण तळाशी राहावेत. मग त्यात पारा घालून चोळायचं. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. तो गोळा फडक्यातून पिळून तापवला की पारा उडतो आणि सोनं मागं राहतं. चांदी मिसळलेली असेल तर तेजाबात टाकून वेगळी काढायची. या पाऱ्याच्या वाफेने किती झारेकऱ्यांची छाती पोखरली असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तो ठेवायला हवा होता.

नाशिकच्या झारेकऱ्याला गोदावरीचीही साथ असते. आमच्याकडे पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर ठरतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशा बातम्या गावभर फिरतात. मारुती बुडाला की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या लोकांची झोप उडते. १९६९ च्या पुराची आठवण जुनी माणसं अजून काढतात, २००८ चा पूर आम्ही पाहिला. पूर ओसरला की दुकानांतून गाळ निघतो आणि त्या गाळाला गिऱ्हाईक असतं. रामकुंडातही हेच चालतं. भाविक पाण्यात नाणी टाकतात, अस्थींबरोबर सोन्याचा एखादा कण येतो. पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि रुपये ओढून काढतात. चुंबकाला पोलादी नाणीच चिकटतात. तांब्या-निकेलचं किंवा चांदीचं नाणं तळाशीच राहतं. त्या पोरांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्यांच्यातला एक जण बुडी मारून हाताने चाचपतो. कुठली वस्तू कशाने सापडते आणि कशाने सुटते, हे ज्ञान त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नाही.

आता यंत्राकडे येतो. यंत्राच्या जन्माशी नाण्यांचा जवळचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि वाचून आनंद झाला. १८७९ मध्ये लंडनला डेव्हिड ह्यूज यांनी तारेच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या करून एक तराजू बनवला. वजनाचा नव्हे, विजेचा. एका जोडीत एक नाणं ठेवायचं, दुसऱ्या जोडीत दुसरं. दोन्ही अगदी सारखी असतील तर कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये शांतता. एक झिजलेलं किंवा खोटं असेल तर आवाज येणार. आमच्या सराफाने रुपया फरशीवर वाजवून नाद ऐकावा आणि कसोटीवर घासावा, तेच काम विजेने केलं. दोन वर्षांनी, १८८१ च्या जुलैत, अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती अंगात कुठं अडकली आहे हे डॉक्टरांना सापडेना, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेले. गोळी मिळाली नाही. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांमुळे यंत्र गोंधळलं. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. सळईच्या काँक्रीटवर यंत्र फिरवणाऱ्या प्रत्येकाला बेल यांची ती अडचण लगेच समजेल.

पुढं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये बसून सुरुंग शोधायचं हातयंत्र बनवलं. १९४२ च्या अल अलामेनच्या लढाईत अशी ५०० यंत्रं वापरली गेली आणि वाळवंटातले सुरुंग काढायचा वेग दुप्पट झाला. युद्ध संपल्यावर फौजेची जुनी यंत्रं बाजारात आली आणि शेतं धुंडाळणाऱ्या हौशी लोकांच्या हातात गेली. म्हणजे आमचं यंत्र आणि गुप्तधनवाल्यांचं यंत्र एकाच घरातलं.

त्याचं काम असं चालतं. खालच्या चकतीतल्या एका वेटोळ्यातून सारखा उलटसुलट होणारा प्रवाह जातो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवतो. खाली धातू असेल तर त्यात लहान लहान भोवरे-प्रवाह उठतात, आणि ते स्वतःचं क्षेत्र उलट पाठवतात. दुसरं वेटोळं ते पकडतं. हे उत्तर थोडं उशिरा येतं, आणि उशीर किती यावर ओळख ठरते. चांदी, तांबं अशा चांगल्या वाहक धातूच्या जाड तुकड्याचा उशीर जास्त, पातळ पत्र्याचा कमी. लोखंडाचं वागणं आणखी वेगळं, कारण ते चुंबकालाही साद देतं. यंत्राच्या पडद्यावर यासाठी आकडे येतात. खालचे आकडे लोखंडाचे, वरचे चांदी-तांब्याचे, मध्ये सगळी सरमिसळ. बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण आणि लहानसं चांदीचं नाणं जवळजवळ एकाच आकड्यावर बसू शकतात. नहपानाचं एकटं नाणं असेल तर त्याला आकड्यावरून ओळखणं अशक्यच.

त्यात आपली जमीन. नाशिकची काळी माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट आहे. गोदावरीच्या वाळूत चुंबक फिरवा, काळे कण झुपक्याने चिकटतात. अशा मातीवर यंत्र आधी ग्राउंड बॅलन्सवर आणावं लागतं. धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली करत राहायचं आणि मातीचा स्वतःचा आवाज मिटेपर्यंत जुळवणी करायची. पावसाळ्यात जुळवलेलं यंत्र उन्हाळ्यात चालत नाही, मळ्यात जुळवलेलं माळावर चालत नाही. बाहेरून आलेली नवी पोरं इथंच घाई करायची.

मग चाल. चकती जमिनीपासून बोटभर वर, सपाट, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. आवाज आला की थांबायचं नाही, त्याच्यावरून दोन-तीनदा हळू जायचं आणि जिथं तो सगळ्यांत भरतो तिथं मातीवर रेघ मारायची. आता काटकोनात वळायचं, पुन्हा चकती फिरवायची, दुसरी रेघ मारायची. दोन रेघा एकमेकींना छेदतात तो बिंदू. त्यानंतर पिनपॉइंटचं बटण दाबून चकती त्या बिंदूवर स्थिर धरायची आणि हळूहळू वर उचलायची. आवाज किती उंचीवर विझतो यावरून खोलीचा अंदाज. एका दिशेने भरीव आणि दुसऱ्या दिशेने तुटक आवाज आला तर वस्तू लांबट आहे, बहुतेक सळई किंवा खिळा. नाणं आडवं पडलेलं असेल तर चांगलं बोलतं, कडेवर उभं असेल तर पुटपुटतं. इतकं झाल्यावर प्रॉडर. पातळ पोलादी सळई, जमिनीशी तिरकी, साधारण तीस अंशांत, हलक्या हाताने आत. वरून भोसकायचं नाही, कारण सुरुंगाची दाब घेणारी बाजू वर असते. बाजूने स्पर्श करायचा. लोखंडाचा स्पर्श, दगडाचा स्पर्श आणि मडक्याचा स्पर्श मनगटात वेगवेगळा कळतो. उत्खननात पुरातत्त्वाची माणसं बाजूनेच माती काढतात. कारणं वेगळी, हात तोच.

सिन्नरच्या बाजूला एका शेतात शेततळ्याची खोदाई सुरू होती आणि पोकलेनच्या दाताला काही तरी खणकन लागलं. देवळालीच्या तोफखान्याचं फायरिंगचं क्षेत्र त्या बाजूला लांब नाही, त्यामुळे तोफगोळा असेल या भीतीने काम थांबवून आम्हाला बोलावलं. शेजारी द्राक्षबाग. द्राक्षाच्या मांडवासारखा यंत्राचा वैरी नाही. अँगल, ताण दिलेल्या तारा, तारांचे कापलेले तुकडे, वर्षानुवर्षं मातीत पडलेल्या क्लिपा. तास दीड तास नुसता कचऱ्याचा आवाज ऐकला. बांधाच्या कडेला एक भरीव, लांबट, लोखंडाचा इशारा आला. रेघा मारल्या, प्रॉडर लावला, ब्रशने माती झाडली. गंजून पापुद्रे सुटलेलं, एका टोकाला निमुळतं, हातभर लांब लोखंड. गोळा नव्हता, एवढं कळल्यावर सगळ्यांनी श्वास सोडला.

पण ते होतं काय? आमच्यातल्या कुणाला सांगता आलं नाही. शेतकऱ्याचे वडील काठी टेकत पुढं आले. “साहेब, धन आहे का?”

“नाही बाबा, लोखंड आहे. तुम्हीच बघा बरं काय ते.”

त्यांनी ते हातात घेतलं नाही, वाकून पाहिलं. “फाळ आहे. लाकडी नांगराचा. हा असा वाकवलेला आहे ना, आमच्या आज्याच्या वेळचा लोहार असा वाकवायचा. नंतरच्या फाळांना हा बाक नाही.”

यंत्राच्या हिशेबात ती वस्तू म्हणजे खालचा आकडा, लोखंड, टाकाऊ. फाळापासून वीतभर अंतरावर दुसरा, बारीक पण ठाम आवाज होता. ती निघाली शिवराई, तांब्याचं जुनं मराठी नाणं. हिरव्या पुटाखाली एका बाजूला ‘श्री राजा शिव’मधलं ‘शिव’ वाचता येत होतं, दुसरीकडे ‘छत्रपती’. अशा शिवराया पेशवाईत आणि पुढं इंग्रजी अमलातही मराठी मुलखात चालत राहिल्या, म्हणून एकट्या शिवराईवरून काळ सांगता येत नाही. नांगरटीच्या थरातल्या वस्तू इकडच्या तिकडे होतात हेही खरं. तरी फाळ आणि नाणं यांची जागा, खोली, बांधापासूनचं अंतर आम्ही पंचनाम्यात लिहिलं आणि नाणं तहसील कचेरीत जमा झालं. बाजारात त्या नाण्याला फारसं मोल नाही. बाबांनी सांगितलेला तो फाळाचा बाक मात्र मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता.

हौशी यंत्रांवर लोखंड वगळायचं बटण असतं. डिस्क्रिमिनेशन म्हणतात त्याला. आमच्या कामात ते बटण आम्ही कधीच वापरलं नाही, कारण न ओळखलेला तुकडा सोडून देणं म्हणजे जिवाशी खेळ. इतिहासाच्या कामातही ते वापरू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला इंग्लंडमधल्या हॉक्सन गावचा पुरावा आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन गेला. त्याला रोमन काळातली चांदी-सोन्याची नाणी लागली. थोडं काढल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली. नाणी १४,८६५ भरली, जोगलटेंभीच्या आसपासची संख्या. शिवाय गंजलेले लोखंडी खिळे, बिजागऱ्या, पट्ट्या आपापल्या जागी मिळाल्या. लाकूड कधीच कुजून गेलं होतं, पण या लोखंडामुळे सगळं एका मोठ्या पेटीत, आत लहान पेट्यांत कसं लावून ठेवलं होतं ते कळलं. हातोडीही सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोखंड वगळून फक्त चांदी उचलली असती तर पेटी गेली असती.

आपल्याकडे उलट घडलेलं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना तांब्या-कांशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारींचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. अशी कारागिरी पाहून देशभरचे विद्वान थक्क झाले. गावात आधीही उत्खनन झालं होतं, नंतर तर कित्येक हंगाम झालं. पण मूर्ती थरातून, नोंद ठेवत निघालेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या उत्तर हडप्पा काळातल्या की पुढच्या, हा वाद आजतागायत चालू आहे. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही, त्याने खोड खणलं. ‘काय’ समजायला ‘कुठं’ लागतं, एवढंच त्या चार मूर्ती सांगतात. नाशिकमध्ये जुन्या मातीच्या गढीवर हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये थरावर थर मोजत जे उत्खनन केलं, त्यामुळेच या गावाचं वय आपल्याला सांगता येतं. ती गढी आता दर पावसाळ्यात ढासळते. प्रत्येक दरडीबरोबर थोडं नाशिक नदीकडे जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्याबद्दल लोकांचा समज असा की काही सापडलं आणि सांगितलं तर सरकार घेऊन जाणार, हाती काही लागणार नाही. म्हणून नाणी रातोरात सोनाराकडे जातात आणि मुशीत वितळतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो? दहा रुपयांच्या वर किमतीचं पुरलेलं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि ते सरकारी खजिन्यात जमा करायचं किंवा तशी हमी द्यायची. चौकशी होते, हक्क सांगणाऱ्यांना नोटीस निघते. निधी बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला तो ठेवायचा असेल तर धातूच्या किमतीवर एकपंचमांश जास्त मोजावं लागतं. लपवलं तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखा मोठा नाणेतज्ज्ञ तिच्या उभारणीत होता. ओळख पटवायला दिल्लीला जायची गरज नाही, ती विद्या गावाच्या वेशीवर आहे.

हल्ली गडांवर टाक्यांच्या कडेला, पडक्या वाड्यांच्या जोत्यांत ताजे खड्डे दिसतात. यंत्रं घरपोच मिळतात, शिकवणारं कुणी नसतं. ओळखीतली काही तरुण मुलं अशी यंत्रं घेऊन माझ्याकडे आली. त्यांना मी गडावर जायला मनाई केली आणि माझ्या शेताच्या एका कोपऱ्यात कामाला लावलं. तिथं मीच पुरलेल्या वस्तू आहेत. बैलाची पत्री, घोड्याचा नाल, पितळी तांब्या, बाटलीची झाकणं, कडेवर उभं केलेलं जुनं रुपयाचं नाणं. लोखंड वगळायचं बटण बंद. कुदळ घरात. दोन रेघा मारायच्या, बिंदू धरायचा, बांधापासून फीत लावून अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. बहुतेक जण पडद्यावरचा आकडा पाहून ‘चांदी’ लिहून मोकळे होतात. एकाने लिहिलं होतं, ‘लोखंड, लांबट, वीतभर खोल, टोक पूर्वेला, काय ते कळलं नाही.’ त्याला मी अंजनेरीला घेऊन गेलो.